जागृतीचा सुकाळ, सोयीचा दुष्काळ

सरकारी कचेरीत, विद्यापीठाच्या व्यासपीठावर आणि सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात सध्या एका वाक्याचे फार राज्य आहे. "अहो, कायदे आणि योजना कितीही करा, शेवटी लोकांची मानसिकता बदलली पाहिजे!" नदी घाण झाली, हे वाक्य. कचऱ्याचा डोंगर कोसळला, हे वाक्य. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या आकाशात सूर्य तांब्याच्या जुन्या पैशासारखा काळवंडून गेला, तरी हेच वाक्य. ते उच्चारले की बोलणाऱ्याला तत्त्वचिंतनाचे समाधान मिळते, ऐकणाऱ्याला मान डोलावता येते, आणि मुख्य म्हणजे दोघांपैकी कोणालाही काही करावे लागत नाही. या वाक्याला माझा आक्षेप आहे. ते अपुरे आहे एवढीच माझी तक्रार नाही. ते बहुतांशी खोटे आहे, आणि ज्यांच्या तोंडी ते सर्वांत अधिक असते त्यांना, म्हणजे तुम्हांआम्हां फाईलवाल्यांना, ते सर्वांत अधिक सोयीचे आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'सस्टेनेबिलिटी'ला मराठीत 'शाश्वतता' हा प्रतिशब्द रूढ झाला, आणि मला वाटते, निम्मा घोटाळा तेथेच झाला. शाश्वत हे विशेषण आपल्याकडे आत्म्याला आणि परमेश्वराला लावण्याची रीत. देह, घरदार आणि धनदौलत ही सारी अशाश्वत. ते विशेषण एकदम पाण्याच्या नळाला आणि कचऱ्याच्या डब्याला येऊन चिकटल्यामुळे विषयाला आपोआप प्रवचनाचे वळण लागले. वस्तुतः अर्थ अगदी साधा आहे. आज वापरायचे ते उद्यालाही पुरेल अशा बेताने वापरावे, आणि आपण मागे टाकतो ते दुसऱ्याच्या अंगावर जाऊन पडणार नाही याची तजवीज ठेवावी. बेत आणि तजवीज हे दोन्ही शब्द संसारातले आहेत, परमार्थातले नव्हेत. आपण मात्र प्रवचन तेवढे धरले आणि तजवीज सोडून दिली.

हे प्रवचन किती काळ चालले आहे, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने निसर्गाचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या अर्जावर निर्णय दिला, की पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीने शिकवावा, आकाशवाणी आणि दूरदर्शन यांनी त्यावर कार्यक्रम करावेत, आणि प्रत्येक चित्रपटगृहाने दर खेळात या विषयाच्या निदान दोन स्लाइडी फुकट दाखवाव्यात. या निर्णयामागील श्रद्धा उघड होती: लोकांना कळले की लोक वळतील. अंमलबजावणी रेंगाळली म्हणून न्यायालयाने डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा कान उपटले. त्यानंतर शाळांना अभ्यासक्रम आणि पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सहा महिन्यांचा सक्तीचा पाठ लागू झाला. दरम्यान २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या नावाने एक लाखाहून अधिक शाळांत निसर्गमंडळे निघाली. २० ऑक्टोबर २०२२ रोजी केवडियाला संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या उपस्थितीत 'मिशन लाइफ'चा आरंभ झाला, आणि पर्यावरणाला अनुकूल अशा जीवनशैलीची शपथ कचेऱ्याकचेऱ्यांतून आणि शाळाशाळांतून घेतली गेली.

म्हणजे १९९१ साली पहिलीच्या वर्गात बसलेले मूल आज चाळिशीत आले आहे. जी पिढी स्लाइडी पाहत, तक्ते रंगवत आणि पर्यावरणाच्या प्रकल्पवह्या भरत वाढली, तीच आज बसमधून प्रवास करते, घरे बांधते, निविदा मंजूर करते. तिला माहिती मिळाली नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? ओझोनचा थर कोणी फाडला, प्लॅस्टिक किती वर्षे कुजत नाही, हरितगृह वायू कोणते, हे शहरातल्या कोणत्याही दहावीच्या मुलाला विचारा. तो थांबणार नाही. तरीही याच काळात दिल्लीची हवा आणि यमुना यांची जी दशा झाली ती वाचक जाणतातच. तेव्हा निष्कर्ष दोनच संभवतात. एक तर या देशातील माणूस जात्याच नतद्रष्ट आहे, त्याला कितीही सांगा, तो सुधारायचा नाही. किंवा ज्या औषधाने हा रोग बरा होईल असे आपण मानले ते औषधच या रोगाचे नाही. पहिला निष्कर्ष आपल्या अहंकाराला गोड लागतो, कारण त्या 'देशातील माणसा'त आपण स्वतःला कधीच धरत नाही. मला दुसरा खरा वाटतो.

विद्यार्थी या विषयाचा विचार कसा करतो ते पाहा. त्याला निबंध लिहावयाचा असतो, तो वसुंधरेच्या वेदना लिहितो. त्याला प्रतिकृती करावयाची असते, तो दुकानातून थर्मोकोलचा पत्रा आणतो आणि त्यावर हिरवे डोंगर, निळी नदी आणि पवनचक्की चिकटवतो. प्रदर्शन संपले की तो डोंगर, ती नदी आणि ती पवनचक्की शाळेमागच्या कचऱ्यात जाऊन पडतात. जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्मोकोल कायद्याने बंद झाले, पण त्याआधी किती वर्षे पर्यावरणरक्षणाचे गुण याच पदार्थावर मिळाले! यात मुलाचा दोष काय? त्याला गुण माहितीचे होते आणि मांडणीचे होते. शाळेचे पाणी कोठून येते, कचरा कोठे जातो, विजेचे बिल किती येते, हे त्याला कोणी विचारले नाही. विचारले असते तर त्याने शोधून आणले असते. पण ते शोधू देण्यात मोठ्यांची अडचण होती. दिल्लीत तर आणखी एक विटंबना आहे. हिवाळ्यात हवा फार बिघडली की वर्ग बंद होतात आणि मुले घरात बसून पडद्यावर शिकतात. पर्यावरणाचा तासही अशा वेळी खिडक्या घट्ट लावूनच भरतो.

सर्वसामान्य नागरिकाचे उदाहरण घेऊ. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग घरातच करण्याचे बंधन घातले. एखादी गृहिणी हे वाचते, दोन डबे आणते, महिनाभर भाजीची देठे एकीकडे आणि दुधाच्या पिशव्या दुसरीकडे ठेवते. मग एका सकाळी ती गच्चीतून पाहते, तो खाली हातगाडीवाला तिचे दोन्ही डबे एकाच ढिगात उपडे करीत असतो. कित्येक वसाहतींत हे दृश्य रोजचे आहे. तो तरी काय करील? त्याच्या गाडीला कप्पा एकच, पुढच्या ढलावाला जागा एकच, आणि तेथून निघणाऱ्या ट्रकचे पोटही एकच. शाळेने वर्षभर जे शिकवले ते ही हातगाडी अर्ध्या मिनिटात पुसून टाकते. त्या दिवसापासून त्या बाईने वेगळे डबे ठेवणे सोडले, तर तिची मानसिकता बिघडली असे म्हणावयाचे की तिची बुद्धी शाबूत आहे असे म्हणावयाचे? निष्फळ श्रम टाकून देणे ही तर शहाण्या माणसाची खूण आहे.

या एका पोटाच्या ट्रकचा शेवट कोठे होतो, ते पूर्व दिल्लीच्या रहिवाशांना सांगणे नलगे. गाजीपूरचा कचऱ्याचा डोंगर १९८४ मध्ये सुरू झाला. त्याची मर्यादा २००२ मध्येच संपली असे मानले गेले. तथापि त्याच्यावर कचरा पडतच राहिला, कारण पर्यायी जागा कोणी उभी केली नव्हती. १ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचा कडा कोसळला आणि दोन माणसे मेली. या पंधरा वर्षांत किती शपथा झाल्या असतील आणि किती चित्रकला-स्पर्धा भरल्या असतील! डोंगराला त्यांतली एकही ऐकू आली नाही. त्याला थांबवावयास एक दुसरी जागा, विलगीकरणाची व्यवस्था आणि तिच्यासाठी वेळेवर झालेल्या सह्या लागत होत्या. ते काम नागरिकाच्या मानसिकतेचे नव्हते. ज्यांच्या टेबलावरून ते कागद जावयाचे त्यांचे होते.

आता होळकरांच्या इंदूरकडे वळू. तेथे आपल्यांतील अनेक जण नोकरी करून आले आहेत आणि अनेकांची आजोळे आहेत. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पंचविसावे होते. २०१७ मध्ये पहिले आले आणि पुढे वर्षानुवर्षे पहिलेच राहिले. एका वर्षात इंदुरी माणसाचा जन्मस्वभाव पालटला काय? सराफ्यात रात्री बारा वाजता जिलेबी खाणारी माणसे तीच होती. बदलली ती तजवीज. रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढल्या, आणि कप्प्याकप्प्यांची गाडी रोज ठरल्या वेळी दारात येऊ लागली. गाडीबरोबर डब्यात डोकावून पाहणारी माणसे आली. न ऐकणाऱ्याला दंड बसू लागला. आणि घरी वेगळा केलेला कचरा पुढेही वेगळाच राहू लागला. देवगुराडियाच्या टेकाडातील सुमारे तेरा लाख टन जुना कचरा चाळून काढला गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून गॅस काढणारा, दिवसाला ५५० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. जागृती तेथेही झाली, गाणी तेथेही वाजली. पण ती गाडीवर बसून आली, गाडीच्या ऐवजी नव्हे. हा क्रम लक्षात घ्यावा. आज तेथील घरांत कचऱ्याचे सहा भाग होतात आणि कोणी कुरकुरत नाही, कारण आपण वेगळे ठेवलेले वेगळेच जाते हे प्रत्येकाला दारातच दिसते.

इंदूरचे हे कौतुक करताना त्याच शहरातील दुसरी हकीगत दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. डिसेंबर २०२५ मध्ये तेथील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्याच्या नळात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. ज्या नागरिकांनी सहा डबे निष्ठेने भरले, त्यांच्याच नळाला हे पाणी आले. त्यांची मानसिकता कशात कमी पडली? काहीच नाही. जमिनीखालची नळी कोणी पाहिली नव्हती. व्यवस्था जेथे चांगली तेथे माणूस चांगला वागला, आणि व्यवस्था जेथे फुटली तेथे चांगले वागूनही त्याला वाचता आले नाही. माझ्या म्हणण्याला याहून करुण पुरावा नको.

आणखी काही उदाहरणे सांगतो. ती सारी आपल्या डोळ्यांदेखतची आहेत. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या सर्व बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालविण्याचा आदेश दिला. मुदत ३१ मार्च २००१ ची होती. रडत, रेंगाळत, पेट्रोलपंपांवर रांगा लावत का होईना, २००२ च्या अखेरीस काम झाले. त्यासाठी एकाही प्रवाशाला शपथ घ्यावी लागली नाही. तो नेहमीच्या थांब्यावर उभा राहिला आणि आलेल्या गाडीत चढला. पुढे खासगी मोटारींची संख्या बेसुमार वाढून त्या लाभावर पाणी पडले हे खरे. पण तेही व्यवस्थेचेच फळ. बस वेळेवर येत नाही आणि पदपथावर दुकाने मांडलेली आहेत, अशा शहरात माणूस हप्त्याने मोटार घेणारच. २०१५ मध्ये सरकारने एलईडी दिवे घाऊक खरेदी करून लोकांना स्वस्तात देण्यास प्रारंभ केला. २०१४ मध्ये जो दिवा सरकारला सुमारे ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला, आणि योजनेत छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. खेड्यातल्या म्हातारीने तो दिवा हवामानबदलाची चिंता वाटून लावला नाही. स्वस्त मिळाला आणि बिल कमी आले म्हणून लावला. वीज मात्र वाचली ती वाचलीच. १ जानेवारी २०२० पासून खोलीतील वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून यावीत असा नियम झाला. हवे त्याने तो आकडा खाली आणावा, बंदी नाही. पण न आणणाऱ्याला काही करावेच लागत नाही. सद्गुण असा सोपा करून ठेवता येतो. राज्यकर्त्याची आणि कारकुनाची कला ती हीच.

येथे कोणी चतुर वाचक आक्षेप घेईल: "मग फटाक्यांचे काय? तेथे कोणती सोय कमी पडली? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील दिवाळीपूर्वीची विक्री थांबवली. २०१८ मध्ये रात्री आठ ते दहा अशी वेळ बांधून दिली. २०२५ च्या दिवाळीत 'हरित' फटाक्यांना मुभा देताना पुन्हा तास मोजून दिले. तरी मध्यरात्रीपर्यंत आवाज थांबत नाहीत. ही मानसिकता नव्हे तर काय?" आक्षेप वजनदार आहे, आणि त्यातील सत्य मी मान्य करतो. आपल्या मुलाची हौस खासगी आणि धूर सार्वजनिक, असा जेथे सौदा असतो तेथे सुशिक्षित माणूससुद्धा हौसेचीच बाजू घेतो. परंतु एवढ्याने प्रवचनाची बाजू सिद्ध होत नाही. फटाक्यांविरुद्ध शपथ घेण्याची सर्वांत मोठी मोहीम कोठे झाली? शाळांतून, दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून. आणि फटाके कोण विकत आणतो? त्यांचे वडील. जी वस्तू गल्लीच्या तोंडाशी राजरोस विकली जाते, तिचा वापर करणार नाही अशी प्रतिज्ञा मुलाकडून घ्यावयाची, म्हणजे जे काम पोलिसाने आणि परवाना-अधिकाऱ्याने करावयाचे ते एका बालकाच्या गळ्यात बांधावयाचे. शिवाय जो नियम दरवर्षी होतो आणि दरवर्षी उघडपणे मोडला जातो, तो लोकांना पर्यावरण शिकवीत नाही. नियम मोडला तरी चालतो, एवढेच तो शिकवतो. मानसिकता बिघडते ती अशी. आणि ती बिघडवण्याचे श्रेय लोकांचे नव्हे.

दुसरा आक्षेप असा येईल की मग शिक्षण निरुपयोगीच म्हणावयाचे काय? मुळीच नाही. शिक्षणाचे काम मी कमी करीत नसून वाढवीत आहे. शपथ घेणारा विद्यार्थी घडवणे सोपे आहे. प्रश्न विचारणारा विद्यार्थी घडवणे कठीण आहे, आणि घडल्यावर त्याला सोसणे त्याहून कठीण. मार्च २०२० मध्ये प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणामांची तपासणी कशी व्हावी याविषयीच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा निघाला. देशभरातील विद्यार्थ्यांनी तो वाचला, एकमेकांना समजावून सांगितला आणि हरकती पाठवल्या; मंत्रालयाकडे लाखो पत्रे आली. ज्यांना आपण 'नुसते बोलणारे' म्हणतो त्यांनी टाळेबंदीच्या काळात घरबसल्या हे केले. आणि मसुदा कोणत्या भाषेत होता? इंग्रजीत आणि हिंदीत. ज्या मच्छीमाराच्या किनाऱ्यावर बंदर व्हावयाचे, ज्या आदिवासीच्या डोंगरात खाण निघावयाची, त्याच्या भाषेत नव्हता. आठव्या परिशिष्टातील बावीस भाषांत त्याचे भाषांतर व्हावे हे ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. परमुलखात बसून मराठी मासिक चालवणाऱ्या आणि वाचणाऱ्या मंडळींना यातील दंश अधिक जाणवावा. लोकांनी विचार करावा असा आग्रह आपण धरतो, आणि ज्या कागदावर विचार करावयाचा तो त्यांच्या भाषेत देत नाही. वर पुन्हा, लोकांना या विषयाचे गांभीर्य नाही!

तसेच ९ नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट. त्या दिवशी इंडिया गेटजवळ स्वच्छ हवा मागण्यासाठी पालक आणि विद्यार्थी जमले, तेव्हा कित्येकांना पोलिसांनी ताब्यात घेतले. परवानगीचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. त्यात मी शिरत नाही. परंतु पस्तीस वर्षे ज्या जागृतीसाठी आपण तक्ते रंगवून घेतले, ती जागृती दारात येऊन उभी राहिली तेव्हा आपल्याला ती ओळखता आली नाही, एवढे तरी कबूल करावे. आपल्याला हवा होता तो शपथेपुरता जागा होणारा आणि नंतर शांत झोपणारा नागरिक.

आता थोडे आपल्या वर्गाविषयी. या देशात शाश्वततेचा खरा धंदा करणारा माणूस कोण, तर कबाडी. तो रद्दी, बाटल्या, डबे, लोखंड घरोघर फिरून वेगळे करतो आणि पुन्हा कामाला लावतो. त्याने कोणतीही प्रतिज्ञा घेतलेली नाही आणि कोणत्याही परिसंवादात त्याला बोलावणे जात नाही. त्याच्या झोपडीत विजेचे दोन दिवे आणि पाण्याची एक टाकी. उलट, पर्यावरणावर उत्तम भाषण करू शकणाऱ्या माणसाच्या घरात दोन वातानुकूलन यंत्रे आणि दाराशी दोन गाड्या. जो कमी वापरतो त्याला उपदेश, आणि जो अधिक वापरतो तो उपदेशक, अशी ही उलटी गंगा आहे.

त्यातून आपण पडलो बदलीची माणसे. हा मुद्दा या मासिकाच्या वाचकांना थोडा झोंबेल, पण मांडला पाहिजे. तीन वर्षे या गावी, चार वर्षे त्या गावी, असा आपला संसार. सरकारी घराच्या आवारातील विहीर आपल्यानंतर आटली तर तिचे दुःख पुढच्याला. आपण लावलेल्या झाडाची सावली आपल्याला मिळावयाची नसते, आणि वाळलेल्या रोपाचा जाबही कोणी विचारणार नसते. पाच जूनला खड्डा खणून, फोटो काढून, अहवालात आकडा भरला की कर्तव्य संपले. किती रोपे लावली याला रकाना असतो. तीन वर्षांनी किती जगली याला तो क्वचितच आढळतो. शाश्वतता म्हणजे आपल्यानंतरच्याचा विचार, आणि आपली तर नोकरीच अशी की 'नंतर'शी आपला संबंध बदलीच्या हुकमाने तुटतो. हाही मनाचा दोष नव्हे, कागदाचा आहे. म्हणूनच तो कागदाने दुरुस्त होऊ शकतो. कार्यभार सोपवताना आपण कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि प्रलंबित फाइली मोजून देतो. त्याच यादीत आवारातील जिवंत झाडांची संख्या, टाकीची गळती, विजेचा मागील वर्षाचा आकडा ही तीन कलमे घालण्यास कोणती घटनादुरुस्ती लागते? घेणाऱ्याने मोजून घ्यावे, देणाऱ्याने सही करावी. माझी खात्री आहे, शंभर शपथांनी जे झाले नाही ते या तीन ओळींनी होईल, कारण सही करताना सरकारी माणूस जितका गंभीर असतो तितका शपथ घेताना नसतो.

आणि हेच आपल्या महाराष्ट्र मंडळांनाही लागू आहे. गणेशोत्सवात महाप्रसादाला तीनशे पाने बसतात. जुलै २०२२ मध्ये प्लॅस्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर देशभर बंदी आली. तेव्हापासून चकचकीत अस्तराच्या कागदी ताटल्या आल्या, आणि रात्री मांडवामागे ढीग पूर्वीएवढाच. व्यासपीठावर देखावा मात्र 'पृथ्वी वाचवा' असा. पूर्वी मंडळांची स्वतःची भांडी असत. कोठीत मोजून ठेवलेली, नावे कोरलेली, सभासदांच्या घरच्या कार्यालाही नेता येणारी. ती मोडीत कोणी काढली? लोकांनी काही मागितले नव्हते. घासण्याची व्यवस्था बंद झाली आणि ताटे गेली. यंदा देखाव्याच्या खर्चातून तीनशे स्टीलची ताटे घ्यावीत आणि ती घासणाऱ्याला योग्य मजुरी द्यावी. जेवणाऱ्या एकाही माणसाची मानसिकता बदलावी लागणार नाही. समोर स्टीलचे ताट आले म्हणून उठून गेलेला मराठी माणूस अद्याप कोणी पाहिलेला नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. जोवर वेगळा केलेला कचरा वेगळा जात नाही, बस वेळेवर येत नाही, मसुदा लोकांच्या भाषेत निघत नाही, तोवर लोकांच्या मनाविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. आधी सोय उभी करावी, तिचा हिशेब उघडा ठेवावा, आणि एवढे करूनही जो मुद्दाम घाण करील त्याला खुशाल नावे ठेवावीत, दंडही करावा. त्या दिवशी मीही तुमच्या बाजूने उभा राहीन. तोपर्यंत 'लोकांची मानसिकता बदलली पाहिजे' असे वाक्य ज्या टिप्पणीत येईल, ती टिप्पणी लिहिणाऱ्याकडे परत पाठवावी आणि शेजारी एवढेच लिहावे: आपल्या टेबलावरचे काय ते कळवावे.